कार्ड कपाटातच होते

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, मोताळा तालुक्यात वसलेल्या आमच्या रोहिणखेड गावाला लुटालुटीचे वावडे कधीच नव्हते. १४३७ साली खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकी वऱ्हाडावर चालून आला, तो आपल्या लेकीला बहमनी सासरी सवतीचा जाच होतो एवढ्या कौटुंबिक तक्रारीवरून. आणि बहमनींचा सरदार खलफ हसन बसरी याने त्याला याच शिवारात गाठून असा पिटाळला की, पाठलाग करता करता थेट बुऱ्हाणपूर लुटूनच तो परतला. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बापाने पोटच्या पोराकडून अहमदनगरची गादी हिसकावून घ्यावी म्हणून बुऱ्हाण निजामशहा आणि पोराचा कैवारी जमालखान यांच्यात जी निकराची लढाई झाली, तीही येथेच. एवढा भरभक्कम पूर्वेतिहास ज्या गावाच्या गाठीशी आहे, तेथील एका सेवानिवृत्त गणितशिक्षकाच्या क्रेडिट कार्डावर कोणा अज्ञात इसमाने डल्ला मारला तर त्याचे अप्रूप वाटण्याचे वस्तुतः काही कारण नव्हते. परंतु नसीरखान निदान घोड्यावर बसून, उजेडी, आपले नाव सांगून आला होता. माझ्यावर स्वारी करणाऱ्या वीराने मी घोरत असताना, कोठल्या तरी समुद्रापलीकडच्या मुलखातून, आणि मुख्य म्हणजे माझेच नाव सांगून मला लुटले.

हे कार्ड मी होऊन मागितलेले नव्हते. शहरातल्या एका बँकेतून एक मधुरभाषिणी बाई दुपारच्या वामकुक्षीच्या वेळी नेमाने फोन करीत असे, आणि "सर, आपल्यासारख्या प्रतिष्ठित ग्राहकाला हे आजन्म विनामूल्य आहे" असे म्हणे. अवघ्या अध्यापकीय हयातीत मला कोणी प्रतिष्ठित म्हटले नव्हते, आणि आजन्म म्हणजे नेमका कोणाचा जन्म हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. कार्ड टपालाने आले, तेव्हा सौभाग्यवतीने त्याला हळदकुंकू लावून लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात, सातबाऱ्याचा उतारा आणि सोनेतारणाची पावती यांच्या दरम्यान सन्मानाने ठेवले. त्यानंतर त्या कार्डाचा जो काही वापर झाला तो पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या पुतण्याने केला; तो फोनवरून आकडे विचारी आणि मी चष्मा लावून ते कपाटातूनच सांगे. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या ऑक्टोबरापासून नव्या कार्डांची परदेशी व्यवहारांकडील कवाडे मुळातच बंद ठेवण्याची आज्ञा दिलेली आहे. ज्याला हवी त्याने ती उघडावीत. पुतण्याने कसल्याशा परदेशी परीक्षेची फी भरण्यासाठी ती उघडली. दार उघडणाराने ते लावण्याच्या भानगडीत पडू नये, हा आमच्या घराण्याचा पिढीजात शिरस्ता आहे.

आमच्या घरात रात्री भ्रमणध्वनीला आवाका नसतो. रात्रभरचे संदेश वेशीबाहेर ताटकळतात, आणि पहाटे मी दात घासण्याकरिता गच्चीवर गेलो की एकदम टोळीने आत शिरतात. त्या दिवशी शिरलेल्या टोळीतला पहिला संदेश अगदीच किरकोळ होता. त्यात कापलेली रक्कम एका कटिंग चहालाही पुरली नसती. हा चोराचा शितावरून भाताची परीक्षा घेण्याचा प्रकार असतो, असे मला मागाहून कळले: क्षुद्र रकमेने कार्ड जिवंत आहे की नाही हे पाहायचे, आणि जिवंत निघाले तर मग पान मांडून जेवायला बसायचे. पुढच्या संदेशांवरून त्याने जेवण यथास्थित केलेले दिसत होते. एक खरेदी केशप्रसाधनाच्या दुकानातली, एक स्त्रियांच्या सुगंधी द्रव्यांच्या पेढीवरची, आणि एक कुत्र्यांचे खाद्य विकणाऱ्याकडची. एकंदर आकडा सव्वा लाखाच्या घरात जात होता. मला रकमेचा धक्का बसलाच. पण त्याहून अधिक विषाद वाटला तो त्या मनुष्याच्या अभिरुचीचा. माझ्या नावावर एकही पुस्तक नाही!

सौभाग्यवतीने संदेशांची फेरतपासणी केली, ती माझ्यापेक्षा निराळ्या दृष्टीने.

"अहो, तुम्हाला टक्कल पडून वर्षं झाली. मग हे केसांचं दुकान कोणासाठी?"

"अगं, चोरासाठी."

"आणि अत्तर?"

"तेही त्याच्याचसाठी."

"म्हणजे चोर बाई आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

या प्रश्नास उत्तर देण्याच्या फंदात न पडता मी पुतण्याला फोन लावला. त्या काळी कोणालाही फोन लावला की घंटी वाजण्याआधी अमिताभ बच्चन यांच्या धीरगंभीर स्वरात सायबर ठगांपासून सावध राहण्याचा सरकारी उपदेश ऐकावा लागे. लुटला गेलेला मनुष्य लुटीची वर्दी देण्यास निघाला असता त्याला वाटेत अडवून, लुटले जाऊ नये म्हणून काय करावे हे सांगण्यात शासनाचा हेतू निःसंशय उदात्त होता. उपदेश संपला, पुतण्या फोनवर आला, आणि सगळे ऐकून घेतल्यावर त्याने जो प्रश्न विचारला तो पुढे माझ्या कपाळी गोंदलाच गेला:

"काका, ओटीपी कोणाला दिला?"

"अरे, मला ओटीपी आलाच नाही."

"तसं होत नाही, काका. आठवून बघा."

तसे होते, हे त्यालाच संध्याकाळी चौकशीअंती समजले. आपल्या देशात संगणकावरून खरेदी करताना कार्डाच्या आकड्यांखेरीज आणखी एक खातरजमा हवी, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून घालून दिलेला आहे. परंतु समुद्रापलीकडच्या दुकानदाराला तो बंधनकारक नव्हता. त्याला कार्डावरचा क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे मिळाले की तो माल देऊन मोकळा. माझा चोर देशी असता तर ओटीपीसाठी मला निदान त्याचा फोन आला असता, चार गोष्टी झाल्या असत्या. परदेशी चोराने तेवढाही परिचय ठेवला नाही.

बँकेच्या ग्राहकसेवेला फोन केला. एका यंत्राने माझे स्वागत केले, भाषा विचारली, मराठीसाठीचा अंक दाबला असता हिंदीत आभार मानले, आणि माझा फोन त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा असल्याचे सांगून सतारीची एक तुटक तान ऐकवावयास आरंभ केला. मी गच्चीवर उभा होतो, ऊन चढत होते, खाली रस्त्यावरून शेताकडे निघालेली मंडळी "गुर्जी, कोनाले एवढा येळ फोन लावून राह्यले?" असे विचारून पुढे जात होती. अखेरीस एक मनुष्यस्वर आला. त्याने माझे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, पत्ता, शेवटच्या खरेदीची रक्कम, असे सर्व विचारून घेतले. शेवटच्या खरेदीची रक्कम म्हणून मी पुतण्याच्या परीक्षेची फी सांगितली. तो म्हणाला, "माफ करा सर, ती शेवटची खरेदी नाही." मी म्हटले, "नाहीच. शेवटची कुत्र्याच्या खाद्याची आहे, पण ती माझी नाही." "मग आपली ओळख पटत नाही, सर." ज्याने आईचे नाव सांगितले नाही, बापाचे सांगितले नाही, त्या माणसाची ओळख त्याच बँकेला रात्री एका निमिषात पटली होती, आणि मी सत्तरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला इसम, सहीसकट, पेन्शनसकट, मला माझ्याशी असलेले नाते सिद्ध करता येईना. शेवटी कुत्र्याच्या खाद्याची रक्कम मी दिडकीसह सांगितली, तेव्हा मी मीच असल्याचे मान्य होऊन कार्ड गोठवण्यात आले.

यानंतर बातमी गावात गेली. ती मी सांगितली नाही; गच्चीवरून बोललेले गुप्त राहावे अशी आमच्या गावाची रचनाच नाही. वरच्या आळीला निघालेले सव्वा लाख बसस्टँडपर्यंत पोचले तेव्हा पाच लाख झाले होते, आणि पारावर त्यांचा मुक्काम पडला तो पंधरा लाखांवर. प्रथम मला वाटले की, आता लोक कीव करतील. परंतु घडले ते निराळेच. ज्याच्याकडचे पंधरा लाख जाऊ शकतात त्याच्याकडे उरलेले किती असतील, हे त्रैराशिक ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे मांडले. किराणा दुकानदाराने प्रथमच मला खुर्ची दिली. विमा उतरवणारा एक गृहस्थ सायंकाळी येऊन बसू लागला. पुतण्यासाठी एक बरे स्थळ सांगून आले. ज्याच्याशी बांधावरून माझे बोलणे बंद होते अशा एका चुलतभावाने घरी येऊन चहा घेतला आणि ट्रॅक्टरच्या हप्त्याविषयी अगतिकतेने बोलला. आकड्याची दुरुस्ती करावी असे मला एकदोनदा तीव्रतेने वाटले. परंतु ज्या क्षणी वाटे त्याच क्षणी कोणी तरी "गुर्जी, बसा नं" म्हणून सतरंजी झटकीत असे, आणि मग त्या सद्भावनेचा भंग करणे माझ्या जिवावर येई.

पारावर रोज संध्याकाळी या विषयाची बैठक भरू लागली. तेथे मला कळून चुकले की, गावातला बहुतेक प्रत्येक प्रतिष्ठित इसम केव्हा ना केव्हा फसलेलाच होता, आणि आजवर तो केवळ योग्य संधीअभावी मूग गिळून बसला होता. एकाला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती उघडताच तिच्या पोटातल्या एपीके नावाच्या पिशाच्चाने त्याच्या फोनचा ताबा घेतला आणि कपाशीचे पैसे अहेरादाखल नेले. दुसऱ्याला वीजबिल थकल्यामुळे रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल असा संदेश आला. "आमच्याइथं साडेनऊले लाइन असतेच कुठं," असे त्याला लगेच सुचावयास हवे होते. पण तोडण्याच्या भीतीने त्याने नसलेल्या विजेचे पैसे भरले. तिसऱ्याला लॉटरी लागली होती. जो तो आपला आकडा थोडा चढवून सांगे, आणि माझ्या पंधरा लाखांपाशी येऊन नाइलाजाने थांबे. या सर्व मंडळींत एक वृद्ध शेतकरी मात्र रोज खिन्न बसलेला असे. त्याच्याजवळ बटणांचा जुना फोन होता. "मले तं कोनी फसवतबी नाई," तो म्हणाला. "काहून बावा, आपल्याजवळ काय पैसाच नाई का?" त्याचे समाधान आम्हा कोणालाच करता आले नाही.

परंतु सहानुभूतीच्या या महापुरातही प्रत्येकजण उठताना, पायात वहाणा सरकवीत, माझ्याकडे न पाहता विचारीच: "पन गुर्जी, खरं सांगा, ओटीपी कोनाले देल्ला?"

१९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवून मी एका ठाण्यात रीतसर फिर्याद देण्यास गेलो. तेथील अंमलदार सज्जन होते. त्यांनी मला बसवले, पाणी दिले, आणि जबानी लिहून घेण्यास सुरुवात केली.

"कार्ड चोरीला केव्हा गेले?"

"गेले नाही. कपाटातच आहे."

"हरवले?"

"नाही. कपाटातच आहे."

"कोणाच्या हातात दिले होते?"

"कोणाच्याच नाही. कपाटातच होते."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे मुद्देमाल तुमच्यापाशीच आहे," ते विचारपूर्वक म्हणाले. आणि त्या एका वाक्यासरशी, फिर्यादीच्या खुर्चीत बसल्या बसल्या, मला आरोपीच्या पिंजऱ्यातला वारा लागला. घटनास्थळाच्या रकान्यात काय लिहावे याचा खल बराच वेळ चालला. कपाट लिहावे तर पंचनामा कपाटाचा करावा लागेल, आणि परदेश लिहावा तर हद्दीचा प्रश्न उपस्थित होईल. अखेर "फिर्यादीचे राहते घरी, झोपेत" असे लिहून मार्ग काढण्यात आला.

माझे एक स्नेही महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत व जुन्या सनदा वाचण्याचा त्यांना नाद आहे. त्यांनी मात्र माझे सांत्वन मोठ्या ऐतिहासिक पायावर केले. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचे सव्वा लाख घेऊन काय बसलात? आपला अख्खा वऱ्हाड असाच गेला." आणि मग त्यांनी मला निजामाची हकीकत सांगितली. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज निजामाच्या माथी मारली कंपनीने, तिचे अधिकारी कंपनीचे, हुकूम कंपनीचा, आणि पगाराचे बिल मात्र निजामाच्या नावे. बाकी तुंबत गेली, तगादे वाढत गेले, आणि १८५३ च्या तहान्वये त्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. निजामाचा कर्तबगार दिवाण सालारजंग हा प्रांत परत मिळावा म्हणून आयुष्यभर अर्जविनंत्या करीत राहिला. १८७६ साली तर जातीने विलायतेस गेला. वाटेत पॅरिसला जिन्यावरून पडून जायबंदी झाला, लंडनला त्याचा सत्कार झाला, मेजवान्या झाल्या. वऱ्हाडाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. शेवटी १९०२ साली कर्झनने वर्षाकाठी २५ लाखांवर तो कायमच्या इजाऱ्याने लिहून घेतला, तेव्हा प्रकरण निकालात निघाले.

"म्हणजे किती वर्षे लागली?" मी भीत भीत विचारले.

"एकोणपन्नास. आणि त्याला तर कोणी ओटीपीसुद्धा विचारला नव्हता."

सालारजंगापेक्षा माझी बाजू एका बाबतीत बळकट होती. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे एक परिपत्रक पुतण्याने मला धाडले होते. त्यात असे स्वच्छ म्हटले आहे की, ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताने व्यवहार केला आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर छदामाचीही जबाबदारी नाही; बँकेने दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी, नव्वद दिवसांत प्रकरण निकालात काढावे, आणि ग्राहकाचा दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेनेच वाहावा. हा मजकूर वाचून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. परिपत्रकाच्या तीन प्रती काढून, महत्त्वाच्या ओळींखाली तांबड्या शाईने रेघा ओढून मी शहरातल्या त्या शाखेत दाखल झालो. खिडकीमागच्या तरुण कारकुनाने परिपत्रक आदराने हाती घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि "सर, हे बरोबर आहे, पण सर्व्हर डाउन आहे," असे म्हणून परत केले.

सर्व्हर वर येईपर्यंत बसणे भाग होते, आणि बसल्या बसल्या गणिताच्या शिक्षकाने काय करावे? कार्डाचे सोळा आकडे मला एव्हाना तोंडपाठ झाले होते. पुतण्याने सांगितले होते की, त्यातले सुरुवातीचे आकडे कोणत्या बँकेचे कार्ड ते दाखवतात, म्हणजे ते सर्वांना ठाऊकच. आणि शेवटचा आकडा स्वतंत्र नसतोच, तो आधीच्या आकड्यांवरून निघतो. आय. बी. एम. कंपनीतल्या हान्स पीटर लून नावाच्या संशोधकाने १९५४ साली ही युक्ती काढली. उजवीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करावे. दुपटीत दोन अंक आले तर त्यांची बेरीज घ्यावी. मग सर्वांची बेरीज करावी. तिला दहाने निःशेष भाग गेला तर क्रमांक शुद्ध. लिहिताना एखादा आकडा चुकला तर तो पकडावा, एवढाच लूनचा बापडा हेतू. चोरांचे संगणक मात्र याच कसोटीने शुद्ध क्रमांकांच्या राशी पाडतात आणि त्यातला कोणता जिवंत आहे ते कटिंग चहाच्या पैशांनी पाहतात. मी पैसे भरण्याच्या स्लिपेच्या पाठीवर माझा क्रमांक मांडला, दुपटी केल्या, बेरीज केली. सत्तर आली. नोकरीत असताना इतक्या निर्मळ उदाहरणाची मला सदैव वाण होती, या आनंदात मी ती स्लिप शेजारच्या बाकावरच्या शाळकरी मुलाला समजावून देऊ लागलो. एवढ्यात रखवालदार धावत आला.

"ओ काका! कार्डाचा नंबर असा कोणाले दाखवता का? मंग म्हंता पैसे गेले!"

खिडकीमागून कारकुनाने मान वर केली, व्यवस्थापकांनी काचेतून पाहिले, आणि सर्वांच्या मुद्रेवर रहस्यभेद झाल्याचा प्रकाश पसरला. माझ्या अर्जावर त्या दिवशी कसला तरी शेरा पडला, तो मला दाखवण्यात आला नाही.

परतीच्या एस. टी. त मला पुण्याच्या कॉसमॉस बँकेची आठवण झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ तारखेस, चोरांनी त्या शतकाहून जुन्या सहकारी बँकेच्या यंत्रणेत घुसून ९४ कोटी रुपये लांबवले. बनावट कार्डे तयार करून २८ देशांतल्या एटीएमांतून काही तासांत पैसे काढले, आणि उरलेले हाँगकाँगला वळते केले. पुढे पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली अकरा जणांना शिक्षाही दिली. एवढ्या सगळ्या प्रकरणात त्या बँकेला, बाई गं, खरं सांग, ओटीपी कोणाला दिलास, असे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. चौऱ्याण्णव कोटींना हा प्रश्न शोभत नाही. सव्वा लाखाला शोभतो. माझे पंधरा लाख झाले होते तोवर पारावर सुद्धा त्याचा स्वर जरा नरमच होता.

यानंतर एके दिवशी वामकुक्षीच्या वेळी फोन आला. आवाज मधुर होता.

"सर, मी बँकेच्या तक्रार विभागातून बोलते. आपली रक्कम परत जमा करायची आहे. त्याआधी फक्त जन्मतारीख सांगा."

आता मी पूर्वीचा राहिलो नव्हतो. बच्चनसाहेबांचा उपदेश, पुतण्याचा दम, रखवालदाराची फटकार, ठाण्यातले समुपदेशन, या सर्वांचा परिपाक होऊन माझ्या ठिकाणी एक पोलादी सावधपणा उत्पन्न झाला होता.

"बाई, आपण बँकेच्या कशावरून?"

"सर, मी बँकेतूनच बोलते."

"असे सगळेच म्हणतात. माझी शेवटची खरेदी सांगा."

"ते आम्ही सांगू शकत नाही, सर. आधी आपण जन्मतारीख सांगा."

"आधी आपण शेवटची खरेदी सांगा. मी सूचक प्रश्न देतो: चतुष्पाद प्राण्याशी संबंधित आहे."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्या बाईंनी अत्यंत सौजन्याने आणखी दोनदा विनंती केली, मी तितक्याच सौजन्याने दोनदा नकार दिला, आणि एकमेकांना शुभ दिवस चिंतून आम्ही फोन ठेवला. दारातून सौभाग्यवती हे सर्व ऐकत होती. इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या नजरेत मला माझ्याविषयी आदर दिसला. संध्याकाळी पारावर मी हा प्रसंग साभिनय सांगितला, आणि बटणांच्या फोनवाल्या म्हाताऱ्यानेसुद्धा मांडीवर थाप मारली.

आठवड्याने बँकेचे पत्र आले. मी ते घेऊन शाखेत गेलो. कारकुनाने वाचून दाखवले: ग्राहकाशी संपर्क साधण्यात आला असता ग्राहकाने ओळख पटवून देण्यास नकार दिला, सबब प्रकरण तूर्त बंद करण्यात येत आहे.

"म्हणजे ती बाई खरीच बँकेची होती?"

"हो, सर. आमचीच होती."

"मग तिने तसे सिद्ध का नाही केले?"

"तिला तशी परवानगी नसते, सर," तो म्हणाला, आणि खणातून नवा कोरा अर्ज काढून माझ्यापुढे सरकवला. "हा पुन्हा भरा. आणि या वेळी फोन आला तर जन्मतारीख सांगून टाका." मी अर्ज भरू लागलो. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून पुढे म्हटले, "पण सर, फोनवर कोणालाही जन्मतारीख सांगत जाऊ नका हं."